कड्यातला माणूस

तैलचित्राची चौकट सुतार करतो. चित्राचा मालक बदलला, दिवाणखाना बदलला, सोनेरी मुलाम्याची हौस ओसरली, की ती उतरवून दुसरी चढवता येते. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या व्यक्तिचित्राला सहसा ही सोय नाही. चेहरा आणि चेहऱ्याभोवतीचे कडे एकाच पत्र्यावर खोदलेले असते, दोन्हींवर एकदमच शाई चढते आणि दोन्ही एकाच दाबाखाली कागदावर उतरतात. कड्याचा दगड खोटा, त्याची जाडी खोटी, त्यावर पडलेली सावलीही रेघांनीच रचलेली. ज्याने ते काढले त्याने ते ठरवून, वेळ खर्चून, डोळे शिणवून काढले आहे. तरी पाहणारा आधी डोळे पाहतो, मग नाक, मिशा, गळ्याची लेस. कड्यावरून नजर घसरते ती थेट पानाबाहेर. ती नजर थोडा वेळ कड्यावर अडवून धरावी, एवढ्यासाठी हे पुस्तक.

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत युरोपात, आणि युरोपच्या चालीने अमेरिकेत, छापली गेलेली व्यक्तिचित्रे इथे घेतली आहेत. छायाचित्र येण्याआधी लांबच्या माणसाचा चेहरा घरात येई तो याच वाटेने: ग्रंथाच्या नावाच्या पानासमोर बसून, नाहीतर चित्रविक्रेत्याच्या दुकानातून सुटा. वर्तुळ, लंबगोल, अष्टकोन, कमान, कोनाडा, शेपूट तोंडात धरलेला साप असे किती तरी आकार त्या चेहऱ्यांभोवती येतात, आणि प्रत्येकाला अर्थ आहे यात शंका नाही. पण अर्थ वापरून वापरून गुळगुळीत होतात. शंभर चेहऱ्यांना तेच कडे मिळाले की कडे मुके होते. ते बोलू लागते ते कोणी तरी त्याच्याशी रिवाज सोडून वागले की. कोणाचा हात कड्याबाहेर आला, कड्यावर कोणाचे नाव कसल्या शब्दांत लिहिले, कोणाला कडे मिळालेच नाही आणि कोणी ते मुद्दाम टाळले, अशा ठिकाणी मी थांबलो आहे. आकारांचा कोश करण्याचा मोह आवरला आहे.

आधी थोडी कारागिरी, कारण ज्याला आपण प्रतीक म्हणतो त्यातले पुष्कळसे तिथेच सुरू होते. कोरणी, म्हणजे युरोपातली ब्युरिन, ही टोकाशी तिरकी घासलेली पोलादी सळई. मागे लाकडी मूठ. मूठ तळहातात बसवून ती पुढे रेटायची. सरळ रेघेला हात पुढे जातो. वळणाच्या रेघेला मात्र उजवा हात जवळजवळ जागच्या जागी राहतो आणि वाळू भरलेल्या चामडी उशीवर ठेवलेला पत्रा डाव्या हाताने फिरवावा लागतो. म्हणून वळण ही या धंद्यातली खरी कसोटी, आणि खरा दिमाखही. क्लोद मेलाँ या फ्रेंच कोरक्याने १६४९ मध्ये ख्रिस्ताचा चेहरा नाकाच्या शेंड्यापासून निघून बाहेर बाहेर फिरत जाणाऱ्या एकाच अखंड रेघेने कोरला. रेघ कुठे जाड, कुठे बारीक. डोळे, दाढी, काट्यांचा मुकुट सगळे तेवढ्यात. असल्या हातांना लंबगोल कडे काढणे म्हणजे रोजचा रियाज. त्यात पुन्हा छाप उलटी उमटते, तेव्हा कड्याभोवती फिरणारी लॅटिन अक्षरे उलटी कोरायची, आणि तीही वळणावर. अक्षरे कोरणारा कारागीर पुष्कळदा वेगळाच असे.

आता वर्तुळ. छापील व्यक्तिचित्रात ते आले नाण्यावरून. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इटलीत जमिनीतून निघणारी रोमन नाणी विद्वानांनी वेड्यासारखी जमवली. सम्राट कसे दिसत याचा तेवढाच पुरावा हाताशी होता, आणि त्यावरून ग्रंथ निघाले. आंद्रेआ फुल्विओच्या १५१७ च्या ग्रंथात थोरामोठ्यांचे चेहरे नाण्यासारख्या गोलांत, एका बाजूने पाहिलेले असे येतात. त्यात सीझरच्या कोसुशिया नावाच्या बायकोचे नाणे उपलब्ध नव्हते, म्हणून तिचा गोल कोराच ठेवला आहे. हा प्रामाणिकपणा फार टिकला नाही. १५५३ मध्ये लियाँचा प्रकाशक गियोम रुईये याने आठशेहून अधिक चेहऱ्यांचा संग्रह छापला, लाकडी ठशांवरून. त्याची सुरुवात आदम आणि हव्वेपासून आहे. दोघेही व्यवस्थित गोलात, जणू स्वर्गातल्या टाकसाळीने त्यांची नाणी पाडली होती आणि रुईयेला ती बाजारात मिळाली! हसू येते खरे, पण इथेच वर्तुळाचे काम उघडे पडते. वर्तुळ सांगते, 'हा चेहरा पुराव्याने सिद्ध आहे.' पुरावा नसेल तर ते पुराव्याची उणीव झाकते.

वर्तुळाचा दुसरा वंश अधिक जुना आणि थोडा उदास आहे. रोमन लोक पूर्वजांचे चेहरे गोल ढालींवर बसवून देवळांत आणि घरांत लावत. प्लिनीने त्याबद्दल लिहून ठेवले आहे. पुढे दगडी शवपेट्यांवर मृताचा अर्धपुतळा अशाच गोलात, दोन्ही बाजूंनी पंखवाल्या आकृत्यांनी उचलून धरलेला, कोरला जाऊ लागला. छापील कड्याच्या दगडी जाडीत, त्याखालच्या बैठकीत आणि बैठकीवरच्या मजकुरात ही थडग्याची आठवण शिल्लक आहे. आल्ब्रेख्त ड्यूररने १५२४ मध्ये आपला मित्र विलिबाल्ड पिर्कहाइमर याला कोरले तेव्हा वर्तुळ घेतले नाही, पण छातीखाली एक दगडी पाटी घातली, रोमन थडग्यावर असते तशी. माणूस बुद्धीने जगतो, बाकीचे मरणाचे, अशा अर्थाचा लॅटिन मजकूर त्यावर आहे. पिर्कहाइमर तेव्हा चांगला जिवंत होता, गलेलठ्ठ, नाक चेपलेले, नजर खट. जिवंत मित्राच्या छातीखाली थडग्याची पाटी घालायला ड्यूररला काही वाटले नाही आणि पिर्कहाइमरलाही नाही. छापले जाणे म्हणजे पुढच्या लोकांसाठी मागे राहणे, हा हिशेब दोघांनाही ठाऊक होता.

लंबगोलावर मात्र सगळ्यांची उडी. सोळाव्या शतकाच्या शेवटी तो रुळला आणि पुढची दोनशे वर्षे हटला नाही. केप्लरने १६०९ मध्ये ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे मांडले, त्याच्याशी हा आकार जोडण्याचा एक मोहक तर्क करता येतो. पण कोरक्यांचे लंबगोल त्याआधीपासून बाजारात होते, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना मंगळाच्या कक्षेशी कर्तव्य नव्हते. कारणे जवळची आहेत. डोके आणि खांदे लंबगोलात जितके नेटके बसतात तितके वर्तुळात बसत नाहीत. गळ्यात लटकवायच्या छोट्या रंगीत तसबिरींमध्येही, इंग्लंडात निकोलस हिलियर्डच्या हयातीतच, गोलाची जागा लंबगोल घेत गेला, तेव्हा डोळा सरावलेला होता. शिवाय लंबगोलात छातीपाशी माणूस कापता येतो, म्हणजे हात काढावे लागत नाहीत, आणि हात हे भल्याभल्यांचे दुखणे. उभ्या पानात लंबगोल बसवला की चार कोपरे मोकळे उरतात. तिथे कुलचिन्ह, पुस्तके, तोफा, वीणा, ज्याचे जे असेल ते मांडता येते.

या पद्धतीला पूर्ण शिस्त लावली ती फ्रेंच कोरक्या रॉबेर नांतोयने. त्याने दोनशेहून अधिक व्यक्तिचित्रे कोरली: चौदावा लुई, माझारँ, कोल्बेर, न्यायाधीश, बिशप, विद्वान. मागे आडव्या रेघांची भिंत, त्यात दगडी लंबगोल, खाली बैठक, बैठकीच्या मधोमध कुलचिन्ह. चेहऱ्यावर त्याने बारीक ठिपक्या-रेघांनी जे काम केले आहे ते भिंग लावून तासन् तास पाहावे. गालाची कातडी आणि ओठाची कातडी वेगळी लागते. कडे मात्र सगळ्यांना जवळजवळ सारखेच. राजाला आणि त्याच्या मंत्र्याला एकाच प्रकारच्या दगडात बसवणे ही समता मानायची की कार्यालयीन शिस्त? माझा कौल दुसऱ्या बाजूने आहे. लुईच्या राज्यात माणूस म्हणजे त्याचे पद, आणि पद म्हणजे रांगेतली एक सारखी खिडकी. याच लुईने १६६० मध्ये फर्मान काढून कोरणीकामाला मुक्त कला ठरवले आणि कोरक्यांना कारागीर-संघांच्या जाचातून सोडवले. ते फर्मान निघाले तेव्हा नांतोय दरबारचा कोरक्या होताच.

अष्टकोन दुर्मीळ, म्हणून जास्त बोलका. ख्रिस्ती परंपरेत आठ हा पुनरुत्थानाचा आकडा, सात दिवसांनंतरचा आठवा दिवस. बाप्तिस्म्याच्या इमारती अष्टकोनी बांधण्यामागे हेच कारण. फ्रान्समध्ये जाँ मोराँने फिलिप द शाँपेनच्या चित्रांवरून कोरलेल्या धर्मपुरुषांना अष्टकोनी चौकटी दिल्या. शाँपेनचे पोर-रॉयाल मठाच्या कडक वृत्तीच्या मंडळींशी निकटचे नाते होते. नांतोयच्या गुळगुळीत लंबगोलांशेजारी हे कोन ठेवले की एक प्रकारचा उपास जाणवतो. पण यापुढे मी जाणार नाही. अष्टकोन दिसला की पुनरुत्थान, असे समीकरण मांडणाऱ्याने हेही सांगावे की तोच आकार आरशांना आणि टेबलांना का दिला जाई.

सापाचे कडे तेवढे निःसंशय. स्वतःची शेपूट तोंडात धरलेला साप इजिप्तपासून चालत आला आहे. जॉर्ज विदरच्या १६३५ च्या प्रतीकसंग्रहात त्याच्या वेढ्यात एक तान्हे मूल कवटीला टेकून बसले आहे. आरंभ तोच शेवट, पुन्हा आरंभ. चेहऱ्याभोवती हा साप दिसला की माणूस बहुधा गेलेला असतो आणि मागे राहिलेल्यांना तो अमर व्हावासा वाटतो. आपल्याकडच्या वाचकाला इथे देवाची प्रभावळ आठवेल, पण फरक मोठा आहे. प्रभावळ देवाच्या अंगातून निघाल्यासारखी वाटते. युरोपातले कडे बाहेरून येऊन माणसावर बसते.

ते किती बाहेरून येते याचा व्यवहारी पुरावाही आहे. मधली जागा रिकामी सोडलेल्या नक्षीदार चौकटींचे वेगळे पत्रे तयार असत. एकदा चौकट छापायची, मग त्याच कागदावर मध्ये हवा तो चेहरा. इटालियन चित्रकार वझारीने १५६८ मध्ये चित्रकारांची चरित्रे दुसऱ्यांदा छापली तेव्हा प्रत्येकाच्या चेहऱ्याभोवती त्याच्या कलेप्रमाणे चित्रकलेच्या, शिल्पाच्या किंवा वास्तुकलेच्या मूर्ती बसवलेल्या चौकटी दिल्या. चौकटींचे नमुने थोडे आणि कलावंत पुष्कळ, म्हणून त्याच चौकटी फिरून फिरून येतात. काहींचे चेहरे मिळालेच नाहीत, तिथे चौकट तशीच रिकामी उभी आहे. याच्या पुढची पायरी पियेर लोंबारच्या पत्र्याची. घोड्यावर बसलेला क्रॉमवेल त्याने कोरला. पुढे त्याच पत्र्यावरचे डोके खरडून दुसरे बसवले गेले, आणि एका टप्प्यावर तिथे राजा चार्ल्स पहिला आला, म्हणजे ज्याचे डोके क्रॉमवेलच्या पक्षाने १६४९ मध्ये खरोखरच उडवले होते तोच. मधल्या एका अवस्थेच्या छापांत घोडा, चिलखत, सेवक सगळे जागच्या जागी आणि स्वाराला मुंडकेच नाही. असले पत्रे पाहिले की 'ही मांडणी या व्यक्तीच्या अंतरंगाचे प्रतीक आहे' अशी वाक्ये लिहिताना लेखणी आपोआप अडखळते.

मग चौकट वाचायची कशी? चार उदाहरणे सावकाश पाहू.

पहिले मिल्टनचे. त्याच्या कवितांचा संग्रह १६४५ सालच्या नावाने लंडनला निघाला. प्रकाशक हम्फ्री मोझली, चित्र विल्यम मार्शलचे. मांडणी अगदी रीतसर. मध्ये लंबगोल, चार कोपऱ्यांत चार कलादेवता, प्रत्येकीचे नाव शेजारी; मागच्या बाजूला मोकळ्या रानात नाचणारी, बासरी वाजवणारी चिमुकली माणसे. कड्यावर लॅटिनमध्ये नाव आणि वय: एकविसावे वर्ष. आत बसलेला माणूस मात्र पन्नाशीचा, सुजलेल्या डोळ्यांचा, कोणा कारकुनासारखा दिसतो. मिल्टनने तक्रार केली नाही. चित्राखाली छापायला त्याने चार ओळींचा ग्रीक श्लोक दिला. हे चित्र अडाण्याने काढले आहे, मूळ माणूस ओळखणाऱ्या मित्रांनो, या वाईट नकलेला हसा, असा त्याचा आशय. मार्शलला ग्रीक येत नव्हते हे उघड आहे, कारण त्याने तो श्लोक अक्षर अक्षर आपल्या हाताने पत्र्यावर खोदला. चित्राच्या आत कोरक्याची सत्ता, चित्राखाली कवीची. कडे कवीचा गौरव करते, तळाची ओळ त्या गौरवाचीच टिंगल करते, आणि दोन्ही एकाच कोरणीने उमटले आहे.

दुसरे रेम्ब्राँचे. हे ब्युरिनपेक्षा आम्लाने खाल्लेल्या रेघांचे काम, म्हणजे एचिंग, पण विषय तोच. यान कोर्नेलिस सिल्व्हियस हा ॲम्स्टरडॅमचा धर्मोपदेशक, रेम्ब्राँच्या बायकोचा, सास्कियाचा, आप्त. तो १६३८ मध्ये वारला. रेम्ब्राँने हे चित्र केले १६४६ मध्ये, तोवर सास्कियालाही जाऊन चार वर्षे झाली होती. लंबगोल कडे आहे, कड्याभोवती मृताचे नाव-गाव सांगणारी अक्षरे आहेत, म्हणजे थडग्याची सगळी सामग्री हजर आहे. पण सिल्व्हियस त्यात गप्प बसलेला नाही. एका हातात पुस्तक धरून तो पुढे वाकला आहे, तोंड किंचित उघडे, आणि दुसरा हात समजावून सांगताना यावा तसा कड्याबाहेर आला आहे. त्या हाताची सावली कड्यावर पडली आहे, आणि इथे माझ्यासारख्याचे भिंग थांबते. सावली पडायला कडे खरे दगडाचे असावे लागते. हात बाहेर यायला ते पोकळ खिडकीचे असावे लागते. रेम्ब्राँने दोन्ही एकदम खरे केले. आठ वर्षांपूर्वी गेलेला माणूस वाक्य पुरे करायला बाहेर झुकला आहे. लंबगोलाची रूढी पक्की नसती तर ही हालचाल कोणाच्या लक्षातही आली नसती.

तिसरे उदाहरण दोन बायकांचे, त्यांच्यात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर. १६१६ मध्ये व्हर्जिनियाहून लंडनला आलेल्या पोकाहोंटसचे चित्र सायमन व्हान दे पासने कोरले. व्हान दे पास घराण्याने इंग्लंडच्या राजाराण्यांनाही असल्याच लंबगोलांत बसवले होते. उंच टोपी, ताठ लेसची कॉलर, हातात पिसांचा पंखा. कपड्यांतून ती इंग्रज खानदानी स्त्री झाली आहे, गालाची हाडे तेवढी झालेली नाहीत. कड्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे: माटोआका, उर्फ रेबेका, व्हर्जिनियाचा सम्राट पॉहॅटन या पराक्रमी राजाची कन्या. तिच्या माणसांत तिचे नाव माटोआका, बाप्तिस्म्याचे रेबेका. 'पोकाहोंटस' कुठेच नाही. व्हर्जिनियात भांडवल घालणाऱ्यांना सांगायला ही ओळख फार सोयीची होती: तिकडे सम्राट आहे, त्याची मुलगी ख्रिस्ती झाली, आपल्या माणसाची बायको झाली. पुढच्याच वर्षी, १६१७ मध्ये, परतीच्या वाटेवर ती ग्रेव्हझेंडला वारली.

दुसरी फिलिस व्हीटली. तिचा कवितासंग्रह लंडनला १७७३ मध्ये निघाला. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी स्त्रीचे छापून आलेले ते पहिले पुस्तक. नावाच्या पानासमोर तिचे चित्र आहे. डोक्यावर टोपडे, समोर टेबल, दौत, कागद, हातात पीस, एक बोट गालाला लावून ती विचार करते आहे. लिहिणाऱ्या स्त्रीचे असे चित्र त्या काळात कोणाचेही दुर्मीळच. आता कडे वाचा. बॉस्टनच्या मिस्टर जॉन व्हीटली यांची नीग्रो नोकर, असा तिचा परिचय त्यावर गोल फिरतो. 'नोकर' हा सभ्य शब्द. ती विकत घेतलेली गुलाम होती, १७६१ मध्ये सात-आठ वर्षांची असताना बॉस्टनच्या धक्क्यावर उतरवलेली. ज्या जहाजातून आणली त्याचे नाव फिलिस, घेणाऱ्याचे आडनाव व्हीटली. म्हणजे कड्यावर जे आहे त्यात तिचे स्वतःचे असे काहीच नाही, जहाज आहे आणि मालक आहे. मिल्टनच्या कड्यावर नाव आणि वय होते, पोकाहोंटसच्या कड्यावर बाप होता, इथे धनी आहे. मांडणी तीच, लिपी तीच, आणि त्या तीन गोष्टींमधले अंतर तीच मांडणी किती थंडपणे वाहून नेते! तिचा हात, टेबल, पीस काहीच कड्याबाहेर येत नाही. रेम्ब्राँचा उपदेशक पाहून झाल्यावर हे जास्त खुपते.

चौथे होगार्थचे, थोडे हलके. त्याने १७४५ मध्ये स्वतःचे चित्र रंगवले आणि १७४९ मध्ये ते स्वतःच कोरले. त्यात होगार्थ प्रत्यक्ष नाहीच. एक लंबगोल चित्रफलक आहे, त्यावर रंगवलेला होगार्थ आहे, आणि तो फलक शेक्सपियर, मिल्टन, स्विफ्ट यांच्या ग्रंथांवर टेकवून ठेवला आहे. पुढे त्याचा ट्रंप नावाचा पग कुत्रा बसला आहे. चित्रात चित्र आणि चित्राबाहेर खरा कोण, तर कुत्रा. चौदा वर्षांनी कवी चार्ल्स चर्चिलने होगार्थवर छापील हल्ला केला तेव्हा होगार्थने हाच पत्रा काढला, स्वतःला खरडून टाकले आणि त्या लंबगोलात दारूचा चषक आणि सोटा धरलेले अस्वल बसवले. तो चर्चिल. पग कुत्रा मात्र तसाच आहे, फक्त आता तो चर्चिलच्या पुस्तिकेवर मुततो आहे. संतांच्या, राजांच्या, विद्वानांच्या लंबगोलाचे त्याने जे केले त्याहून नेमकी टीका या रूढीवर कोणी लिहिली असेल असे मला वाटत नाही.

आता ज्यांना कडे नाही त्यांच्याकडे. १६२३ च्या फोलिओतला शेक्सपियर मार्टिन ड्रूशाउटने कोरला. ना कडे, ना कुलचिन्ह, ना बैठक. तबकात ठेवल्यासारखी ताठ कॉलर आणि तिच्यावर अंड्यासारखे डोके. चित्राला फार शिव्या बसल्या आहेत. बेन जॉन्सनने समोरच्या पानावर चार शब्द टाकून वाचकाला चित्राऐवजी पुस्तक पाहायला सांगितले, म्हणजे वर ड्यूररच्या पाटीने सांगितले तेच. पण पुढच्या पिढ्यांना हा उघडा चेहरा सहन झाला नाही. १६५५ मध्ये विल्यम फेथॉर्नने शेक्सपियर लहानशा लंबगोलात घातला, १७४७ मध्ये याकोबस हाउब्राकेनने वेगळ्याच तैलचित्रावरून त्याला भरघोस नक्षीदार कडे दिले. राष्ट्रकवी व्हायचे तर दगड लागतो.

उलट दिशेने गेला वॉल्ट व्हिटमन. त्याच्या 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'च्या १८५५ च्या पहिल्या आवृत्तीत नावाच्या पानावर कवीचे नाव नाही, समोरच्या पानावर चित्र तेवढे आहे. सॅम्युएल हॉलियरने छायाचित्रावरून पोलादावर कोरलेले. सदऱ्याचा गळा उघडा, टोपी तिरपी, एक हात कमरेवर, दुसरा खिशात. गुडघ्यांपाशी रेघा विरळ होत कागदात विरून जातात. चौकट नाही, म्हणून नाव लिहायला जागाच नाही, आणि नाव नाही म्हणून ओळख करून देणारा धनी, बाप, राजा कोणीच नाही. व्हीटलीच्या पानासमोर हे पान उघडून ठेवावे असे मला वाटते. पुस्तकात तशीच सोय केली आहे. मात्र एक लक्षात ठेवावे: कड्यातून उठून जायची मुभा व्हिटमनला होती. व्हीटलीला ती मागताही आली नसती.

छायाचित्राने कोरक्यांचा धंदा बुडवला, पण आकार उचलले. फोटोग्राफरच्या स्टुडिओतून आलेले लंबगोल माउंट आपल्या वाड्यांच्या भिंतींवर, फेटेवाल्या पणजोबांभोवती, अजून आहेत. कोरीव व्यक्तिचित्र स्वतः उरले ते नोटांवर. अमेरिकी एक डॉलरवर वॉशिंग्टन अजून कड्यात आहे. वीस डॉलरच्या नोटेवरचा लंबगोल २००३ च्या नव्या नमुन्यात काढून टाकला गेला. आपल्या नोटांवर १९९६ च्या मालिकेपासून गांधीजी आहेत, आणि त्यांना कडे नाही. उठावाच्या छपाईतले ते चित्र बोट फिरवले तर लागते. ज्या छापखान्यांत ते छापले जाते त्यांपैकी एक आपल्या नाशिक रोडला आहे. वल्कलासारखे एक वस्त्र पांघरलेल्या माणसाला दगडी लंबगोलात बसवले नाही, हे मला योग्य वाटते. त्यामागे विचार होता की नुसती नव्या मांडणीची गरज, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

शेवटी या पुस्तकातल्या छापांविषयी. १७६९ मध्ये जेम्स ग्रेंजरने इंग्लंडचा चरित्रकोश काढला आणि त्यात कोरीव व्यक्तिचित्रांच्या याद्या दिल्या. त्यानंतर इंग्लंडात चेहरे जमवण्याची साथ आली. हौशी लोकांनी जुन्या ग्रंथांतली चित्रे कापून काढली आणि आपल्या प्रतींत डकवली. डकवताना पान लहान पडू नये म्हणून कित्येकांनी कात्री थेट कड्याच्या आतून फिरवली. नाव गेले, श्लोक गेला, कुलचिन्ह गेले, कोपऱ्यांतल्या देवता गेल्या, नाक-डोळे तेवढे राहिले. संग्रहालयांच्या पेट्यांत असे कातरलेले शेकडो चेहरे आहेत, आणि कलेच्या पुस्तकांतून बहुधा तेच छापले जातात, कारण पानात ते छान बसतात. इथे तसे केलेले नाही. जिथे पत्र्याच्या कडेची दाबखूण शिल्लक असलेली छाप मिळाली तिथे तीच घेतली, कागदाच्या डागांसकट. त्यामुळे काही पानांवर चेहरा लहान दिसेल. भिंग जवळ ठेवावे.